पेयर्स पॅचमधले काळे कण

मी हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे शरीराचे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासण्याच्या विभागात, टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग आमच्याकडे येतो, आम्ही त्याचे मेणातले ब्लॉक करतो, मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर पातळ सेक्शन कापतो, स्टेन करतो म्हणजे रंगवतो, रिपोर्ट डॉक्टर देतात. मागे एक सीकमच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या, गाठीची केस आली, सोबत लहान आतड्याचं शेवटचं टोक. गाठीचं निदान सरळ होतं. पण त्या टोकाच्या स्लाइडमध्ये पेयर्स पॅचच्या, म्हणजे भिंतीतल्या प्रतिकारपेशींच्या पुंजक्यांच्या, तळाशी काळपट बारीक कण दिसले.

रिपोर्ट देणाऱ्या आमच्या मॅडम म्हणाल्या फॉर्मॅलिन पिगमेंट असेल, म्हणजे काढलेला भाग टिकवायच्या द्रवामुळे बनलेले कण. शंका रास्त होती, कारण ऑपरेशन थिएटरवाले एवढं मोठं आतडं छोट्या डब्यात कोंबतात, वर बफर (ॲसिड होऊ न देणारं मिश्रण) नसलेलं जेमतेम फॉर्मॅलिन ओततात, कितीही वेळा सांगा. ते ॲसिडिक झालं की रक्तातल्या हिमोग्लोबिनबरोबर काळे कण बनतात. पण ते रक्त असेल तिथे कुठेही पसरतात, आणि हे तर पेशींच्या आत, एकाच थरात! मी फॉर्मॅलिन पिगमेंट विरघळवणारं अल्कोहोलमधलं पिक्रिक ॲसिड लावलं, शेजारी खऱ्या फॉर्मॅलिन पिगमेंटची स्लाइड कंट्रोल म्हणून ठेवली. कंट्रोल साफ झाली, आमचे कण जागच्या जागी. पर्ल्स, म्हणजे लोह दाखवणारं स्टेन, केलं, लोह नाही. ब्लीच केलं, तरी कण तसेच, म्हणजे शरीरातलं काळं रंगद्रव्य मेलॅनिनही नाही.

मग वाचत बसलो. 1996 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी माणसाच्या आतड्यातल्या अशाच कणांची तपासणी छापली होती, त्यात टायटॅनियम डायऑक्साइड निघालं, 100-200 नॅनोमीटरचं, शिवाय ॲल्युमिनियमचे सिलिकेट. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे औषधी गोळ्यांच्या कोटिंगमधला, च्युइंगगममधला पांढरा रंग. तो प्रकाश आरपार जाऊ देत नाही म्हणून खालून उजेड टाकला की काळा दिसतो. आमचे कण तेच आहेत असं मी म्हणत नाही, त्याला एक्स-रे ॲनालिसिसवालं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतं, ते आमच्याकडे नाही.

2017 मध्ये फ्रान्समध्ये उंदरांना 100 दिवस हा रंग पाण्यातून दिला तर काहींच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरआधीचे बदल दिसले. फ्रान्सने 2020 पासून खाण्यात बंद केला, 2022 मध्ये सगळ्या युरोपियन युनियनने, औषधात मात्र अजून चालतो. उलट डब्ल्यूएचओ-एफएओच्या समितीने 2023 मध्ये काळजीचं कारण नाही म्हटलं. म्हणजे माणसाच्या आतड्यावर वर्षानुवर्षांचा परिणाम काय, हे पक्कं कुणीच सांगत नाही.

मला टोचतं ते वेगळंच. मॅडम फार चांगल्या पॅथॉलॉजिस्ट आहेत, पण रिपोर्टमध्ये या कणांबद्दल एक ओळही गेली नाही, "निदानाशी संबंध नाही" म्हणून. पेशंटच्या उपचारापुरतं ते बरोबरच आहे. पण उंदराचे 100 दिवस आणि माणसाची पन्नास वर्षं यांच्यामधली माहिती अशा कापलेल्या आतड्यांतूनच मिळणार ना, आणि रिपोर्टमध्ये लिहिलंच नाही तर कुणाला किती, कुठल्या वयात, कुठल्या आजारासोबत, हे मोजायचं कसं? मायक्रोस्कोपीच्या वर्णनात "पेयर्स पॅचच्या तळाशी बाहेरून आलेलं पिगमेंट, लोह निगेटिव्ह" एवढं टाकायला कितीसा वेळ लागतो? पुढच्या केसला टाकूया म्हणाल्यात. तोवर टर्मिनल इलियमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या त्या शेवटच्या टोकाच्या, प्रत्येक ब्लॉकचा एक जादा सेक्शन मी पर्ल्ससाठी कापतोय.