कमानीखालची हौशी मंडळी

मागच्या ऑक्टोबरात भाचीला भेटायला तिच्या कॉलेजात गेले होते, इकडेच अमेरिकेत ईस्ट कोस्टला (नाव सांगत नाही, ती चिडेल). रात्री नऊला म्हणते, मावशी चल, गाणं आहे. मला वाटलं हॉल असेल, खुर्च्या असतील. तर कसलं काय, एका दगडी कमानीखाली चौदा-पंधरा पोरं अर्धगोल करून उभी, थंडीने नाकं लाल आणि वाद्य एकही नाही!

एकाने खिशातून डबीएवढी गोल पिच पाइप काढली, फुंकर मारली, सगळ्यांनी तो सूर ‘हम्म’ करून धरला आणि सुरू. बेस तोंडाने, ड्रम्स तोंडाने, गिटारसुद्धा तोंडानेच. मधेच मेन गाणाऱ्याचा आवाज वरच्या सुरावर चक्क फाटला. तो स्वतःच हसला, बाजूचे दोघं जरा जोर लावून गायला लागले, गाणं थांबलंच नाही. मला तर तिथेच जास्त आवडलं. टीव्हीवरच्या स्पर्धेत असं झालं असतं तर परीक्षकांचे चेहरे, वर ते रडकं म्युझिक, नकोच.

ह्याला अकपेला म्हणतात. प्रिन्स्टनला ब्लेअर आर्चखाली असंच गातात, दगडात आवाज घुमतो, माइक लागत नाही. येलचा व्हिफनपूफ्स ग्रुप तर १९०९ पासूनचा. आणि आपल्या देसी पोरांनी १९९६ ला युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियात पेन मसाला काढला, हिंदी-इंग्लिश गाणी एकात एक मिसळून गातात, २००९ ला व्हाइट हाउसच्या दिवाळीत पण गाऊन आले.

ऑडिशन वगैरे सगळं असतं हं, आणि आठवड्यातून दोन-तीनदा रात्री रिहर्सल. पण त्या कमानीखालच्या पोरांतलं कोणी म्युझिक शिकत नाही, कोणी केमिस्ट्रीचं, कोणी इकॉनॉमिक्सचं, भाची म्हणाली त्या फाटक्या आवाजवाल्याची सकाळी मिडटर्म होती. आपल्याकडे हौशे-नवशे-गवशे म्हणतात ना, त्यातले हे अस्सल हौशे. गणपतीत आमच्या बिल्डिंगमधले काका टाळ हातात आला की ऑफिसातले साहेब राहायचेच नाहीत, तसंच काहीतरी.

दुसऱ्या दिवशी कॅफेटेरियाच्या लाइनीत माझ्यापुढे रात्रीचाच ड्रमवाला, हातात ट्रे, ऑम्लेटची वाट बघतोय आणि तोंडाने हळूच बूम-च्क-बूम-च्क चालूच.