पित्ताची गोळी आणि दहाची पेज

कोकणात पित्ताची गोळी बऱ्याच घरांत पहाटे सहाच्या चहाबरोबर घेतली जाते. पोटात खरं अन्न पडतं ते मात्र दहाच्या सुमाराला, पेज झाली की. ‘गोळी लागूच पडत नाही’ ही तक्रार बरेचदा या चार तासांमुळेच असते.

पित्ताच्या गोळीतली ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल ही औषधं जठरात तयार झालेलं आम्ल मारत नाहीत. जठराच्या अस्तरातल्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात, ते ही औषधं बंद पाडतात, पण चालू असलेलेच. उपाशी पोटी त्यातले बरेच पंप निजलेले असतात, अन्न आलं की जागे होतात. औषध रक्तात टिकतं थोडाच वेळ: तास-दोन तासांत निम्मं होतं. सहाला घेतलेली गोळी दहाच्या पेजेपर्यंत उरणार किती? म्हणून पेज दहाला असेल, तर गोळी सव्वानऊ-साडेनऊला, साध्या पाण्याबरोबर. पहाटे होडीवर जाणाऱ्यानेही घड्याळ न बघता पहिलं पोटभर खाणं कधी ते बघावं आणि त्याच्या अर्धा ते एक तास आधी गोळी घ्यावी.

एकदा बंद पडलेला पंप पुन्हा चालत नाही, शरीर नवे पंप बनवतं. त्यामुळे एका गोळीचा परिणाम दिवसभर टिकतो, पण पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात. जळजळलं की एक, नाही तर नाही, असं या गोळीचं जमत नाही. तेवढ्यापुरता आराम हवा असेल तर आम्ल शमवणारं पातळ औषध बरं. सोलकढीवर माझा राग नाही, पण तिच्यातलं कोकमाचं आगळ आंबटच. अन्ननलिका सोलवटलेली असेल तर सोलकढी झोंबते.

गोळी कुटू नये, चावू नये. आम्लात औषध नासतं, म्हणून तर तिच्यावर आवरण असतं. म्हाताऱ्या माणसाला गिळता येत नसेल, तर ओमेप्रॅझोलची काही कॅप्सूल उघडून आतले दाणे चमचाभर दह्यात देता येतात. दाणे न चावता लगेच गिळायचे, दुधात मात्र नको. आपली कॅप्सूल त्यातली आहे का, ते औषधवाल्याला विचारावं. पावसाळ्यात गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरून ठेवू नयेत, दमट हवेत त्या खराब होतात.

साधारण डोस ओमेप्रॅझोल 20 किंवा पँटोप्रॅझोल 40 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. घशाशी येण्याला चार ते आठ आठवडे, लहान आतड्याच्या अल्सरला (आतल्या जखमेला) बहुधा चार, जठराच्या अल्सरला आठ. अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असेल, तर सोबत अँटिबायोटिक्स लागतात. त्याची श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असेल, तर डॉक्टरांना विचारून गोळी दोन आठवडे आधी थांबवावी लागते, नाहीतर जंतू असूनही ‘नाही’ असा रिपोर्ट येऊ शकतो. आणि गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक, म्हणजे अल्सर करू शकणारी वेदनाशामक गोळी, चालू ठेवून अल्सर बरा होण्याची वाट बघणं म्हणजे गळक्या होडीतलं पाणी उपसत बसणं.

वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. एकदम सोडली तर काही दिवस आम्ल उसळतं आणि माणसाला वाटतं दुखणं परतलं; म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी. रक्त पातळ ठेवायला क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्रॅझोल आणि एसोमेप्रॅझोल टाळतात, पँटोप्रॅझोल चालतं.

भातलावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी (चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी देतात. ती दोन घोटांवर गिळून लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत अडकून जखम करते. ग्लासभर पाणी आणि अर्धा तास बसून राहणं, एवढं पुरतं.

शौचाला डांबरासारखी काळी होणं, रक्ताची उलटी, घास अडकणं, वजन उतरणं यांवर घरी गोळी वाढवू नये. छातीतली जळजळ घामासकट डाव्या हातात किंवा जबड्यात उतरली तर दुखणं हृदयाचं असू शकतं, आधी ईसीजी.