नागपूर ते मुंबई: बाबांचा भागाकार
बाबा येत्या शनिवारी पहिल्यांदा विमानात बसणार. मुंबईला, ताईकडे. आजवर विदर्भ एक्सप्रेसनं रात्रभर जायची सवय. रेल्वेनं अंतर जवळजवळ 840 किलोमीटर. काल जेवताना विचारलं, "विमानाला अंतर किती पडतं गं?"

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन मी हिशेब केला. सरळ रेषेत सुमारे 680 किलोमीटर, म्हणजे 370 नॉटिकल मैलांच्या आसपास (विमानवाले अंतर याच मैलांत मोजतात). बाबांनी हात धुऊन वही काढली, ताशी 800 धरून भागाकार मांडला. 51 मिनिटं. "मग तिकिटावर दीड तास कसा?"

प्रश्न अगदी रास्त होता. असं खोदून विचारणारे बाबा मला फार आवडतात. तिकिटावरची वेळ सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, विमान जागेवरून हलतं तिथपासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं आलं, चढणं-उतरणं आलं (तेव्हा वेग बराच कमी), आणि मुंबईत गर्दी असली की उतरायचा नंबर लागेपर्यंत घिरट्याही आल्या. शिवाय या डिसेंबरच्या दिवसांत वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. जाताना तोंडावर, येताना पाठीशी. त्यामुळे परतीला वेळ थोडा कमी लागतो.

बाबांनी वहीत 'परत' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

खिडकी उजवीकडची घेतलीय, सकाळचं ऊन डोळ्यांवर यायला नको. आईनं संत्रा बर्फीचा डबा आजच बांधून ठेवलाय.