एकसष्टावी मुलगी

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या शिक्षकसंख्येचं गणित एका तक्त्यात बसवलंय. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. वाचणाऱ्याला वाटतं, मुलं मोजायची आणि शिक्षक द्यायचे, त्यात काय अवघड! मी महापालिका शाळांची केंद्रप्रमुख आहे, म्हणजे शाळांच्या एका गटाची देखरेख माझ्याकडे. ३० सप्टेंबर २०२४ च्या दिवशी या तक्त्यातल्या एका आकड्यापाशी जे घडलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट (मुलांची संख्या) धरून संचमान्यता होते, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं. हिशोब माध्यमवार असतो. उर्दू शाळेत शिक्षक जास्त झाला म्हणून तो शेजारच्या मराठी शाळेत देता येत नाही. आणि आता पट म्हणजे वर्गात बसलेली मुलं नव्हेत, शासनाच्या पोर्टलवर ज्यांची शाळेतली नोंद आधारशी जुळून ‘वैध’ दिसते ती मुलं.

या अटीला माझा सरसकट विरोध नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा मी शिक्षिका होते. मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी केली होती. कागदावर भरलेले आणि प्रत्यक्षात रिकामे वर्ग तेव्हा निघाले, हे खरं आहे. बोगस नावांवर पगार आणि अनुदानं उचलणाऱ्यांनी जे केलं, त्याची किंमत आज प्रामाणिक शाळा मोजताहेत.

ही शाळा शहराच्या कडेला आहे, पहिली ते चौथी, मराठी माध्यम. आसपासची बरीचशी कुटुंबं सीमेपलीकडून वीटभट्टीवर आलेली. काही आता इथंच वस्ती करून राहिली आहेत. पावसाळ्यात भट्टी बंद असते, तेव्हा माणसं सेंट्रिंगच्या कामावर जातात. घरी कन्नड बोलतात, पण कन्नड शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून मुलं आमच्याकडे. पहिली-दुसरी ज्या मॅडमकडे होती, त्या शाळेतल्या तीन शिक्षकांत सगळ्यांत कनिष्ठ. त्यांनी वस्तीतल्या बायकांकडून कामापुरतं कन्नड शिकून घेतलं. पहिले काही आठवडे त्या कन्नडमधून सूचना द्यायच्या आणि मग हळूहळू मराठीवर यायच्या. दुसरीच्या शेवटी त्यांची मुलं जोडाक्षरं असलेला परिच्छेद न अडखळता वाचायची. माझ्या केंद्रात इतकं नेमकं भाषेचं काम दुसरं कोणी करत नव्हतं. हे त्यांच्या शेरेबुकात मी लिहिलंय आणि इथंही लिहिते.

हजेरीपटावर मुलं ६१, म्हणजे एक जरी कमी धरलं तरी तिसरं पद जाणार. सप्टेंबरभर मुख्याध्यापक सर आणि दोन्ही मॅडम एकेक नाव ‘वैध’ करत होते. बाहेरच्यांना या कामाची कल्पना येत नाही. शाळेत आडनाव आधी, आधारवर शेवटी. एका मुलाच्या आधारवर नुसतं नाव, वडिलांचं नाव नाही की आडनाव नाही. एकीच्या कार्डावर ‘पुरुष’ छापलेलं. एका मुलाचं नाव खासगी इंग्रजी शाळेच्या खात्यावर अडकलेलं, कारण फी थकली म्हणून ती शाळा पोर्टलवरून त्याला सोडत नव्हती. शाळा सोडल्याचा दाखला नसला तरी प्रवेश नाकारायचा नाही, असं कायद्याचं कलम ५ सांगतं. आम्ही नाकारत नाहीच. पण मूल आमच्या बाकावर आणि नोंद त्यांच्याकडे, अशा वेळी पालिकेची शाळाच हात जोडत फिरते. त्या शाळेच्या दारात आमचे सर तासन् तास बसले, तेव्हा कुठं नाव सुटलं. त्या काळात सरांचे वर्ग दुसऱ्या मॅडमनी ओढले. शिक्षक शिकवत नाहीत म्हणणाऱ्यांनी सप्टेंबरात एकदा पालिकेच्या शाळेत येऊन बसावं.

३० तारखेला सकाळी सरांचा फोन आला, ‘‘मॅडम, साठ झाले. एक राहतंय.’’

ती तिसरीतली मुलगी. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिची जन्मतारीख ८ मार्च २०१६, आधारवर १ जानेवारी २०१४. जन्माचा दाखला नसताना कुणीतरी अंदाजे वय सांगितलं की १ जानेवारी लागते, अशी कार्डं आमच्याकडे पुष्कळ येतात. रजिस्टरमधली तारीख मात्र अंदाजाची नव्हती. तिच्या आईनं सांगितलं होतं, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी झाली आणि थोरल्याच्या पाठीवर दोन वर्षांनी. दाखल करून घेताना मॅडमनी जुनं कॅलेंडर शोधून तारीख काढली आणि पालकाच्या प्रतिज्ञापत्रावर आईचा अंगठा घेतला. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, ते कलम १४.

मी शाळेत पोचले तेव्हा सरांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. ‘‘पोर्टलवर आधारचीच तारीख टाकतो. रजिस्टर आहे तसं राहू दे. एका मिनिटात वैध होईल, पद वाचेल.’’ सर वाईट माणूस नाहीत. ते शाळेसाठीच बोलत होते.

मी नाही म्हणाले. पोर्टलवरची तारीख तिथंच थांबत नाही. हीच माहिती मुलाबरोबर पुढच्या शाळेत जाते, त्यावरूनच दहावीचा फॉर्म भरला जातो आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरची तारीख जन्मभर चिकटते. आज आम्ही तिला दोन वर्षांनी मोठी केली असती, तर उद्या नोकरीच्या वयोमर्यादेत तिची दोन वर्षं गेली असती. शिवाय रजिस्टर एक सांगतं आणि पोर्टल दुसरंच, हा घोळ निस्तरायला पुन्हा तिलाच फिरावं लागलं असतं.

सरळ मार्ग एकच होता, आधारवरची तारीख दुरुस्त करायची. त्याला जन्मदाखला हवा. मुलगी सीमेपलीकडच्या गावात घरीच जन्मलेली, नोंद नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे वर्ष उलटून गेलं की नोंदीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते. बापानं गावी जायचं, तालुक्याला हेलपाटे घालायचे, तेवढी रोजंदारी बुडवायची. आम्ही त्याला जुलैपासून सांगत होतो. एकदा तो जाऊनही आला, तर साहेब रजेवर. त्याला काय म्हणणार? आमच्या एका शिक्षकाचं पद त्याच्या मजुरीवर टांगलेलं होतं आणि त्याला हे माहीतही नव्हतं.

त्या दिवशी मी तिच्या वर्गात गेले. ती बेरजा करत होती, हातच्याच्या. दुपारी ६१ मुलांचा पोषण आहार शिजला. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, त्यात तिचेही १०० ग्रॅम. ॲपवर तिची हजेरी गेली. तांदळाच्या हिशोबात तिला शासनानं धरलं, शिक्षकाच्या हिशोबात धरलं नाही. एकच शासन, तीच मुलगी, तोच दिवस.

मी स्वतःच्या सहीनं प्रत्यक्ष पडताळणीचा अहवाल दिला. मुलगी वर्गात हजर आहे, हजेरीपट, आहार नोंदवही आणि रजिस्टरचा उतारा सोबत जोडला आहे. कार्यालयातल्या कारकुनानं अगत्यानं घेतला आणि वर पाठवला. त्याच्या हातात तेवढंच होतं. वरून उत्तर आलं नाही. संचमान्यता आली तेव्हा शाळेला दोनच पदं होती.

कनिष्ठ मॅडम अतिरिक्त ठरल्या. समायोजनात, म्हणजे अतिरिक्त शिक्षकांना दुसरीकडे नेमताना, त्यांना शहराच्या मध्यावरची शाळा मिळाली, जिथं त्यांच्या कन्नडचा काही उपयोग नाही. जाताना त्या मला एवढंच म्हणाल्या, ‘‘मॅडम, तारीख बदलली नाहीत ते बरोबर केलंत.’’ त्यांनी दोष दिला असता तर मला उत्तर देता आलं असतं. आज तिथं चार वर्गांना दोन शिक्षक आहेत आणि त्यातले एक मुख्याध्यापक, ज्यांचा अर्धा वेळ पोर्टलवर जातो. एका मुलीची तारीख खरी राहिली आणि पहिलीतल्या मुलांची बाई गेली. या दोन गोष्टी मी एका तराजूत घालून पाहते, आणि त्या दिवशी दिलेलं उत्तर बदलत नाही, पण मन शांतही होत नाही.

यात आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. भट्टी दिवाळीनंतर पेटते. हंगामी कुटुंबं तेव्हा येतात आणि मुलं शाळेत घालतात. काहींकडे शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरित मुलाला दुसरीकडे शिक्षण चालू ठेवण्यासाठी दिलेलं कार्ड, असतं, काहींकडे काहीच नसतं. कलम ४ प्रमाणे आम्ही त्यांना वयानुरूप वर्गात बसवतो. ही मुलं ३० सप्टेंबरला आमच्याकडे नसतातच, त्यामुळे त्यांच्यासाठी शिक्षक कधीच मंजूर होत नाही. मोजायची तारीखच अशी निवडलीय की भट्टीवरचं मूल तिच्यात सापडू नये. मुद्दाम नसेल, पण परिणाम तोच.

नव्या वर्षासाठी मी कार्यालयाला दोन मागण्यांचं पत्र दिलंय. ज्या मुलाचा आहार ३० सप्टेंबरला शिजला आणि ज्याला केंद्रप्रमुखानं डोळ्यांनी वर्गात पाहिलं, त्याला पटात धरा. आणि स्थलांतरित वस्त्यांजवळच्या शाळांचा पट जानेवारीत पुन्हा मोजा. पत्राची पोच मिळाली आहे. मुलीच्या वडिलांना गावी जायचं भाडं मुख्याध्यापक सरांनी स्वतःच्या खिशातून दिलंय. वडील पुढच्या आठवड्यात जाणार आहेत.