प्रॉम्प्टर धयकाल्याला जातो

विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही ठेवायची, हातात पेनाएवढी बॅटरी धरायची आणि दुसऱ्यांची वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणायची. हा उद्योग मी सोळा वर्षं करतोय. पुण्यातली आमची हौशी संस्था, राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या, एका प्रयोगावर संपलेली नाटकं, सगळ्यांत मी आहे आणि फोटोत कुठेच नाही. नट अडखळला तरच प्रॉम्प्टर लोकांना आठवतो, तेही शिव्या द्यायला.

ऑफिसातला कुडाळचा मित्र मला बरीच वर्षं सांगत होता, "एकदा आमच्या हयल्या जत्रेक ये. थय तुका काम नाय." यंदा त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात रजा मिळाली आणि गेलो. रात्रीची बस, आंबोलीचा घाट, पहाटे सावंतवाडी, तिथून एसटीने कुडाळ. घाटात झोप लागली, त्यामुळे निसर्गवर्णन नाही.

जत्रा आणि जत्रेतला दशावतार, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, दोन्ही रात्रीचे; दिवस मोकळा. मित्राने गाडी काढली आणि आधी पिंगुळीला नेलं. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचं हे ठाकर आदिवासींचं गाव. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या कुटुंबाने गोठ्याचं संग्रहालय केलंय. चित्रकथीत एकामागून एक चित्रं पुढे सरकवत गोष्ट गाऊन सांगतात. पोथी म्हणजे चित्रांची चळत, अक्षर एकही नाही. माझ्यातल्या प्रॉम्प्टरला पहिला धक्का इथेच बसला, पण म्हटलं ठीक आहे, चित्र तरी आहे हातात. चित्र हीच संहिता समजू.

संध्याकाळी कुडाळ-वेंगुर्ला रस्ता सोडून आत वळलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्या माणसांबद्दल लिहिणार आहे त्यांना कुणी शोधत यावं असं मला वाटत नाही. देऊळ सातेरीचं. सातेरी म्हणजे मूळ वारूळ, त्यावर मुखवटा आणि साडी. बाहेर खाज्याची दुकानं. गुळात घोळवलेल्या त्या पिवळट कांड्यांचे ढीग पेट्रोमॅक्सऐवजी आता एलईडीखाली लागतात, त्यामुळे जरा आजारी दिसतात. बायका ओट्या भरायला आणि केळी ठेवायला रांगेत उभ्या. मुंबईहून आलेले चाकरमानी एकमेकांना कडकडून भेटत होते आणि लगेच जमिनीच्या वाटण्यांवर घसरत होते.

दशावताराला इथे दशावतार फार कमी लोक म्हणतात. म्हणतात धयकालो. शेवटी पहाटे दहीकाला होतो म्हणून. खरं तर दहा अवतार कुणी दाखवतही नाही. आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग: गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, मग वेद पळवणारा संकासुर आणि त्याला मारणारा विष्णू. तो मत्स्यावतार झाला की अवतारांचा हिशेब संपला. त्यानंतर आख्यान, पुराणातलं कुठलंही. कोकणात हे कुणी आणलं याबद्दल सर्वसाधारणपणे श्यामजी नाईक काळे यांचं नाव घेतात, काळ १७२८ च्या आसपासचा. वाद घालणारेही आहेत. कर्नाटकातल्या यक्षगानाकडे बोट दाखवणारे आहेत. आम्ही पुण्यात ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन करतो, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत केलेल्या 'सीता स्वयंवरा'चा. त्यातही आधी गणपती-सरस्वती यायचे आणि नट आपली वाक्यं आपणच जुळवायचे. म्हणजे आमच्या घराण्यातही मूळ पुरुष बिनवहीचाच. प्रॉम्प्टर मागून आला.

नऊ वाजता मंडळींचा टेम्पो आला. पूर्वी हे लोक पेटारे डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जायचे, आता टेम्पो किंवा बस. तेरा जण उतरले. त्यांत पेटीवाले, मृदंगवाले आणि झांजवाले असे तीन. सगळे पुरुष. कार्तिकात बाहेर पडायचं आणि पाऊस येईपर्यंत जवळजवळ रोज वेगळ्या देवळात रात्र काढायची. पाऊस पडला की भातशेती. पैसे रात्रीच्या हिशेबाने.

देवळाच्या मागच्या पडवीत रंगपट. रंगपट म्हणजे चटया. पहिल्यांदा मोठा पेटारा उघडला आणि त्यातून गणपतीचा लाकडी मुखवटा काढून उदबत्ती लावली. मग प्रत्येक नटाने आपापली ट्रंक उघडली, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा चिकटवलेला, त्यासमोर मांडी घातली आणि स्वतःचं तोंड स्वतःच रंगवायला घेतलं. रंगभूषाकार नाही, कपडेपट सांभाळणारा नाही. दहा नट, दहा आरसे.

मित्राने माझी ओळख "पुण्याचे नाटकवाले" अशी करून दिली. मी आपला नेहमीचा शहरी प्रश्न विचारला, "दिग्दर्शक कोण?"

क्षणभर सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग मृदंगवाले म्हणाले, "तो बगा, भायर ठेवलोसा." बाहेर, मंडपाच्या मधोमध, एक लाकडी बाकडं होतं. बाकी नेपथ्य म्हणाल तर मागचा एक पडदा. बाकड्यावर बसलं की सिंहासन, उभं राहिलं की डोंगर, त्यावरून उडी मारली की युद्ध. त्या बाकड्यापासून किती लांब जायचं एवढं कळलं की दिग्दर्शन झालं, असा त्यांचा हिशेब. मी हसलो, पण नंतर रात्रभर बघितलं, ते थट्टेत बोलत नव्हते.

मालक, म्हणजे कंपनीचे चालक आणि त्या रात्रीचे जालंदर, साठीचे. एका डोळ्याला काजळ घातलेलं, दुसरा कोरा, अशा अवस्थेत त्यांनी आख्यान सांगायला घेतलं. तुळशीची लग्नं नुकतीच झालेली, म्हणून वृंदा-जालंदर. गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी: जालंदर दैत्य अजिंक्य, कारण बायको वृंदा पतिव्रता. देव हरतात. मग विष्णू जालंदराचं रूप घेऊन तिच्याकडे जातो, तिचं व्रत भंगतं, जालंदर मरतो. फसवणूक कळल्यावर ती विष्णूला दगड होण्याचा शाप देते आणि स्वतः तुळस होते.

मालकांचं सांगणं असं चाललं: "पयलो प्रवेश इंद्राचो. नारद येतलो, काडी लावतलो, जातलो. मगे माझो आणि वृंदाचो. निरोप. हय वाइच वेळ काढूया, बायका रडूक व्हयी. मगे युद्ध. मगे खोटो जालंदर, तो पण मीच." चहाचा कप संपायच्या आत दोन-अडीच तासांचं नाटक संपलं. कुणी काही लिहून घेतलं नाही. इंद्राने "माका गाणा किती?" एवढंच विचारलं. पेटीवाल्यांनी दोन बोटं दाखवली.

माझा जीव गोळा झाला. वाक्यं? वाक्यं कधी ठरणार?

स्त्रीपार्टीवाले माझ्या अगदी शेजारी बसले होते. पन्नाशीचे, हातांना घट्टे, नखांत अजून गवताचा हिरवा रंग. दुपारी दाढी केली होती, आता पुन्हा केली, उलट्या हाताने, गळ्यापासून वर. सफेदा लावला, ओल्या फडक्याने टिपला, परत लावला. भुवयांवर साबण घासून त्या मुळात पुसूनच टाकल्या आणि अर्धा बोट वर काजळाने नव्या काढल्या. या एका फरकाने चेहऱ्याचं वय वीस वर्षांनी उतरलं, मी डोळ्यांनी पाहिलं. ओठ रंगवून झाल्यावर त्यांना विडीची तल्लफ आली. मूठ वळली, अंगठ्याच्या पोकळीला तोंड न लावता झुरका ओढला, रंग जसाच्या तसा. त्या वेळी त्यांच्या अंगात बनियन आणि कमरेला टॉवेल होता. साडी नेसायला उठले तेव्हा शेजारच्या इंद्राने न सांगता निऱ्या धरल्या. साडी नेसून झाली आणि ते पाठ फिरवून चालत गेले. ती चाल त्यांची नव्हती.

ओमप्रकाश चव्हाणांच्या स्त्रीभूमिकांबद्दल मी पुष्कळ ऐकलं होतं. तिथल्या लोकांत ते नाव, आणि 'लोकराजा' सुधीर कलिंगण हे दुसरं, एखाद्या घरच्या माणसासारखं निघतं. पण न गाजलेल्या कंपनीतला, न गाजलेला नट माझ्यापासून हातभर अंतरावर बाई होतो, हे मला जास्त पटलं.

पालखी देवळाभोवती फिरली, साडेबाराला मृदंगावर थाप पडली. आडदशावतार तासाभरात आटोपला. पूर्वी तो बराच वेळ चालायचा म्हणे. आता लोक आख्यानासाठी थांबतात. मला मात्र संकासुर आवडला. काळे कपडे, काळा बुरखा, आणि देवादिकांच्या संस्कृतप्रचुर मराठीला अस्सल मालवणीत उत्तरं. गावात रस्ता दोन वर्षं खणून ठेवलाय, तो याने बरोबर वेदांच्या चोरीत आणला. ट्रिकसीनचे दशावतारही हल्ली होतात, धूर, दिवे, हवेत उडणारा देव. इथे तसलं काही नव्हतं. मला वाईट वाटलं नाही.

आख्यानात इंद्र-नारद झाले. जालंदर-वृंदेचा निरोप आला. वृंदेने निघताना नवऱ्याच्या हातात विडा दिला. खरा विडा, मघाशी मंडपाबाहेर पानवाल्याकडून आणलेला. "हा परत येऊन माझ्यासमोर खा," असं काहीसं ती म्हणाली. हे रंगपटात ठरलं नव्हतं. मालकांनी विडा कमरेच्या शेल्यात खोचला. पुढच्या रांगेतल्या बायका ठरल्याप्रमाणे रडल्या.

युद्ध मोठं झालं. लाकडी तलवारी, गोल फेर, झांजा कडकडल्या की पाय आपटून गिरकी. साठीचा माणूस बाकड्यावरून उडी मारतो तेव्हा गुडघ्यांचं काय होत असेल, हा विचार फक्त मीच करत होतो बहुतेक.

तीन वाजून गेले असतील. खोटा जालंदर आला. चेहरा तोच, कपडे तेच, फक्त शेला नव्हता. वृंदा हरखून पुढे झाली. इतक्यात घोंगडी पांघरून बसलेली एक म्हातारी पुढच्या रांगेतून ओरडली, "अगो बाय, थांब गो! तो तुझो घोव न्हय!"

हशा पिकला. आमच्याकडे असं झालं असतं तर नटाने न ऐकल्यासारखं केलं असतं आणि मी विंगेतून पुढचं वाक्य जोरात दिलं असतं. वृंदा थांबली. म्हातारीकडे बघितलं नाही, पण पाऊल मागे घेतलं. हशा विझेपर्यंत वाट पाहिली. मग हळू आवाजात विचारलं, "नाथ, निघताना मी आपल्या हाती काय दिलं होतं?"

मंडप चिडीचूप. पेटीवाल्यांनी एक सूर धरला आणि धरूनच ठेवला. मालक गप्प. माझा उजवा हात, शप्पथ सांगतो, नसलेल्या वहीचं पान शोधत होता. "विडा!" मी ओठांत म्हणालो. शेजारच्या मित्राला ऐकू गेलं असावं, त्याने कोपर मारलं.

जालंदराने बाकड्याच्या कडेवर हात टेकला. "जे दिलंस, ते रणात सांडलं," तो म्हणाला. "सांडल्याचं नाव घेऊ नये, वृंदे. मी आलोय, एवढं बघ."

आणि ती गेली त्याच्याजवळ. म्हातारीने कपाळाला हात लावला.

त्यानंतरचा शाप, विलाप, सगळं चांगलंच झालं. विलापात आवाज थोडा फाटला, पण तो फाटायलाच हवा होता. पूर्वेला उजाडायला लागल्यावर दहीकाला. हंडी फुटली, दह्याचे शिंतोडे माझ्या चष्म्यावर आले. माणसं पांगली, चादरी झटकल्या गेल्या, पोरांना उठवून खांद्यावर टाकलं गेलं.

मी रंगपटात गेलो. मालक खोबरेल तेलाने तोंड पुसत होते. फडकं लाल-काळं झालेलं.

"मघाशी विडा आठवला नाही ना?" मी विचारलं. जरा सहानुभूतीनेच. शेवटी धंद्याचा प्रश्न.

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "आठवत होतो मां. ह्यो बगा." बाजूला घडी करून ठेवलेल्या शेल्यातून त्यांनी चुरगळलेला विडा काढून दाखवला. "पण तो खरो जालंदर खय होतो? तो विष्णू. तेका विडो कसो म्हायत आसतलो?"

माझ्याकडे यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पण वृंदेकडे होतं. अर्धं तोंड बाईचं, अर्धं शेतकऱ्याचं, अशा अवस्थेत ते ट्रंकेवरून म्हणाले, "आवो, पण विष्णू म्हणजे देव! देवाक सगळा म्हायत आसता. तुमी 'विडो' म्हणाक व्हयो होता. मी थयच फसलय असतंय, आणि लोकांक अधिक वायट वाटला असता."

"देवाक म्हायत आसता, पण तेना सांगूचा कित्याक?" हे इंद्र.

"मगे तो देव कसलो, चोर तो."

"चोरच मां! म्हणान तर शाप."

पेटीवाले मधे पडले की मुळात असला प्रश्न आख्यानात नाहीच, तो विचारलाच का. वृंदा म्हणाली, त्या म्हातारीला विचारा. पेटारे बंद झाले, गणपतीचा मुखवटा कापडात गुंडाळून सगळ्यात वर गेला. पुढचं गाव तीस किलोमीटरवर, रात्री तिथे हेच आख्यान मागितलेलं. मालकांनी विडा तोंडात टाकला आणि पुढच्या सीटवर बसले. टेम्पो देवळाच्या उतारावरून खाली गेला तरी मागच्या बाजूला वृंदेचा आवाज ऐकू येत होता, "आज मी परत इचारतलय, बगूया काय म्हणतत तां."