आमची वाटचाल : फोल्डरातलं दुकान

नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्यांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. नागपुरात आयटी म्हटलं की लोकांना मिहान नाहीतर परसोडीचं आयटी पार्क आठवतं. आमचं ऑफिस महालात, साडीच्या दुकानावर.

पहिला कॉम्प्युटर इतवारीतल्या एका व्यापाऱ्याचा जुना घेतला. भाव स्वस्त होता, पण अट होती. त्यांचा हिशेब त्याच मशीनवर होता, ॲडमिनचा, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड त्यांच्या मुनीमजींकडे, आणि ऑडिट होईतोवर फॉरमॅट मारायचा नाही. "ऑडिट होऊ द्या, मग देतो ना जी पासवर्ड!" आम्हाला साधं युजर खातं मिळालं. पासवर्ड तोडायच्या युक्त्या माझ्या भागीदाराला येत होत्या. पण आत दुसऱ्याच्या वह्या असताना कुलूप फोडणं मला पटलं नाही.

साध्या खात्याला विंडोजच्या प्रोग्राम फाइल्स या सामायिक फोल्डरात काही ठेवता येत नाही, स्वतःच्या फोल्डरात मात्र येतं. गोम इथेच आहे. कोड लिहायच्या व्हीएस कोडचा युजर इन्स्टॉलर युजरच्याच ॲपडेटा फोल्डरात बसतो, पासवर्ड विचारत नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं पोर्टेबल गिट नुसतं उलगडायचं. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची झिप एका फोल्डरात सोडायची आणि त्याचा पत्ता पाथमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं त्या यादीत, घालायचा. सिस्टिमच्या पाथला हात लावता येत नाही, पण प्रत्येक युजरचा पाथ वेगळा असतो. सर्चमध्ये ‘एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स फॉर युवर अकाउंट’ शोधलं की तो थेट उघडतो. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषाही एकट्या युजरपुरती बसते.

छळलं ते डेटाबेसने. मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हिस म्हणून, म्हणजे मागे आपोआप चालत राहील असा, बसवायला ॲडमिन हवाच. मग झिपमधलं हाताने सुरू करायचं, काळी खिडकी दिवसभर उघडी ठेवायची, लाइट गेली की पुन्हा तेच. प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या डॉकरचा नाद सोडला. त्यासाठी विंडोजची फीचर्सच चालू करावी लागतात. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसची तऱ्हा उलटी: त्याचा सर्व्हर ॲडमिनच्या अधिकाराने चालायलाच नकार देतो. आमच्यासारख्यांसाठीच बनवलं असावं.

ऑडिट झालं, पासवर्ड आला, मशीन पुसलं. पण तोवर गिऱ्हाइकं मिळू लागली होती, आणि प्रत्येक गाळ्यावर तीच कथा. कॉम्प्युटर कोणीतरी लावून दिलेला, पासवर्ड त्याच्याकडे, आणि तो फोन उचलत नाही. आंबिया बहाराच्या संत्र्याच्या गाड्या गेटवर लागलेल्या असताना कोणता अडत्या त्याची वाट बघेल? म्हणून आमचा प्रोग्राम इन्स्टॉल करावाच लागत नाही. एक फोल्डर, त्यात एसक्यूलाइटची, म्हणजे सर्व्हर न लागणाऱ्या डेटाबेसची, एक फाइल. पेनड्राइव्हवरून कॉपी करा, पावत्या सुरू. बॅकअप म्हणजे तोच फोल्डर पुन्हा कॉपी करणं, हे मुनीमजींनाही जमतं.

याची किंमतही आहे. फोल्डर एका युजरच्या डेस्कटॉपवर ठेवला की रात्रपाळीचा माणूस दुसऱ्या खात्यातून आला तर त्याला काहीच दिसत नाही, आणि आमचा फोन वाजतो. दुसरी कटकट स्मार्टस्क्रीनची, म्हणजे विंडोजच्या अनोळखी प्रोग्राम अडवणाऱ्या पहारेकऱ्याची. आमच्या फाइलवर डिजिटल सही नाही, म्हणून ती इंटरनेटवरून उतरवली की विंडोज निळी पाटी दाखवून धोक्याचा इशारा देतं. पाटी बघितली की अडत्या आमच्याकडेच संशयाने बघतो. जून 2023 पासून कोड सायनिंगची, म्हणजे प्रोग्रामवर सही करायची, चावी टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. छोट्या फर्मला हा खर्च टोचतो, तरी यंदा केला. आता संत्र्याची आवक सुरू व्हायच्या आत सही केलेली आवृत्ती सगळ्या गाळ्यांवर पोचवायची आहे.