तुम्ही विचारलंत म्हणून: खातं उघडून गरिबाचं काय भलं होतं?

नाशिकच्या आसपास बचत गटांचं काम करते म्हटलं की प्रश्न ठरलेला असतो. "ताई, 2014 पासून जनधनची एवढी खाती उघडली, गटांना कर्जं दिली. गरिबी हटली का?"

नुसत्या कर्जानं हटत नाही. पण बाईला स्वतःचे पैसे स्वतःच्या ताब्यात ठेवायला जागा मिळाली, तर घरातल्या बऱ्याच गोष्टी हलतात. बोललं जातं ते सगळं कर्जाबद्दल, बचतीचं नावही कुणी काढत नाही, हे मला फार खटकतं.

पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येणारी बाई घ्या. ऑक्टोबरच्या छाटणीपासून खुड्यापर्यंत रोज मजुरी मिळते. पण घरात पैसा दिसला की नवरा मागतो, दीर मागतो, सोयरा दारात आला तर नाही म्हणता येत नाही. पावसाळा तोंडावर आला की बियाणं, मुलांच्या वह्या, त्यात एखादं आजारपण. मग मुकादमाकडून उचल. उचल घेतली की पुढच्या हंगामाची मजुरी आधीच गहाण पडली, आणि रोजाचा दर वाढवून मागायला तोंड राहत नाही. मला तर सगळी गाठ इथेच दिसते.

केनियात पास्कलिन डुपास आणि जोनाथन रॉबिन्सन या अर्थतज्ज्ञांनी बाजारात विक्री करणाऱ्या बायकांना बचत खाती उघडून दिली. त्या खात्यावर व्याज नव्हतं, उलट पैसे काढायला शुल्क पडायचं. तरी बऱ्याच जणींनी ती वापरली आणि धंद्यात जास्त भांडवल घातलं. मला वाटतं, घरच्यांच्या मागण्यांपासून पैसा लांब राहावा, याचीच किंमत त्या मोजत होत्या. आपल्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी थेट बाईच्या स्वतःच्या खात्यात जाऊ लागली आणि खातं कसं वापरायचं तेही शिकवलं, तेव्हा बायका जास्त कामाला बाहेर पडू लागल्या. नुसतं खातं मिळालेल्यांमध्ये तसा फरक पडला नाही.

कर्जाचं म्हणाल, तर हैदराबादसह सहा देशांतले छोट्या कर्जांवरचे अभ्यास 2015 मध्ये एकत्र छापून आले. काहींचा चालू धंदा थोडा वाढला, पण घरच्या उत्पन्नात मोठी उडी कुठे दिसली नाही. मला नवल वाटलं नाही. हंगामी मजुरीवर आठवड्याचा हप्ता बसतच नाही. मग एका ठिकाणचा हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज निघतं. 2010 साली आंध्रात हे प्रकरण कर्जदारांच्या आत्महत्यांपर्यंत गेलं, ते आठवत असेल.

म्हणून कर्ज बंद करा असं मी म्हणणार नाही. रात्री-अपरात्री बाळंतीण दवाखान्यात न्यायची वेळ आली की गटातले दोन-तीन हजारच कामी येतात, आणि त्या पैशापायी पुढची मजुरी अडकत नाही.

आता इथली अडचण सांगते. लाडकी बहीणचे पैसे खात्यात येतात. ते काढायला बाई बँक मित्राकडे, म्हणजे यंत्रावर अंगठा घेऊन पैसे देणाऱ्या बँकेच्या प्रतिनिधीकडे जाते. घडांची विरळणी, औषधं, माती यांनी बोटं झिजलेली. यंत्रावर अंगठा उठत नाही. ती पदराला बोट पुसते, पुन्हा दाबते, मग तर्जनी, मग दुसरा हात. मागे रांग खोळंबते. शेवटी तो म्हणतो, "मावशी, शाखेत जा." शाखा तालुक्याला. म्हणजे रोज बुडाला आणि वर भाडं.

1977 ते 1990 या काळात रिझर्व्ह बँकेचा नियम होता: बँक असलेल्या ठिकाणी एक शाखा काढायची, तर आधी बँक नसलेल्या चार ठिकाणी काढा. त्या शाखांनी ग्रामीण गरिबी कमी केली, हे पुढे रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात दिसलं. बँक जवळ असण्याचा एवढा गुण आहे. आमच्या गटांचं मागणं तेवढंच आहे: आठवडे बाजाराच्या दिवशी शाखेतला माणूस गावात बसवा, आणि अंगठा उठला नाही तर पासबुकावरचा फोटो बघून पैसे द्या.